सशाचा आंबट टोमॅटो

या डोंगराकडे माणसाची पाऊलवाटही नव्हती, त्या काळची ही गोष्ट. ओढ्याकाठी धुरपा नावाची म्हातारी साळिंदरीण टोमॅटो लावायची. झाडं अशी लगडायची की रानातले सगळे पोटभर न्यायचे, तरी फळं उरायची. ओढ्याचं पाणी मात्र ती एकटीच वाहायची, आणि यंदा तिची कंबर पार मोडून आली होती.

ओंजळ भरून नेताना ससा म्हणाला, "मावशी, पुढच्या साली जरा लवकर लाव. पोरं वाट बघून रडतात."

धुरपा पुन्हा ओढ्यावर पाण्याला गेली. पण शेवटची, सगळ्यांत मोठी फळं तिने कुणाला तोडू दिली नाहीत. ती झाडावरच पिकून मऊ झाली. "म्हातारी हावरट झाली," अशी रानात कुजबुज सुरू झाली. तिने ती ऐकली, पण भांडायचंही त्राण तिच्यात नव्हतं. तिने फळांतल्या बिया धुऊन राखेत वाळवल्या आणि दारी येईल त्याला चिमूटभर दिल्या.

"याचं मी काय करू?" सशाने तोंड वाकडं केलं.

"पेर. माझ्याच्यानं आता होत नाही रे."

पुढच्या साली धुरपाने काहीच लावलं नाही. उन्हाला पाठ देऊन ती नुसती पडून राहायची. एके दिवशी ससा आला. त्याचे पाय चिखलाने माखले होते आणि हातात एकच लहानसा टोमॅटो होता.

"जरा आंबट निघालाय, मावशी," तो खाली बघत म्हणाला. "पाणी घालता घालता जीव जातो गं."

"जातो खरा," धुरपा म्हणाली, आणि तो टोमॅटो तिने सावकाश, पार देठापर्यंत खाल्ला.