चाळीस दिवसांची राखण

हे कुणाला सांगायचं नाही, असं रंगनाथकाकांनी मला बजावलं होतं. तरी सांगते.

"मग बाबा, आता तरी मला शागीर्द करून घ्याल ना?" चाळिसाव्या दिवशी काकांनी विचारलं.

टेकडीवरच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, राहणारे नूरशाहबाबा कोंबड्यांना ज्वारी टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रंगनाथकाकांना दोन वर्षं एवढंच हवं होतं. गावात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तेच नवी तार गुंडाळून भरून देत. हाती घेतलेली मोटार चालू झाल्याशिवाय राहत नसे, आणि ते चारचौघांत सांगायलाही काका विसरत नसत.

लोक नवसाच्या कोंबड्या तकियात आणून सोडत. त्या कुणी कापत नसे. मुंगसानं त्यातल्या तीन नेल्या, तेव्हा बाबा काकांना म्हणाले होते, "चाळीस दिवस यांची राखण कर. मग बघू."

दुसरा कुणी काठी घेऊन बसला असता. काकांनी शहरातून विजेची जाळी आणली. खुंट्या रोवल्या, उन्हावर चालणारी पेटी जोडली. इथून उचलून तिथं लावता येईल असं कुंपण. दर आठवड्याला जागा बदला, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण खुंट्यांची रांग अशी दोरीत आली होती की काकांना ती हलववेना.

"अकरा होत्या बाबा. अकराच्या अकरा आहेत."

"कुंपण चालू आहे?"

"म्हणजे काय! पेटीवरचा दिवा लुकलुकतोय की."

बाबा उठले. जाळीपाशी गेले आणि उघडा तळवा तारेवर ठेवला.

"बाबा, हात काढा! झटका बसेल!"

बाबा तसेच उभे...

काका खाली बसले. खालच्या तारेत हरळी नि आघाडा पार गुंतला होता. ओलं गवत सगळी वीज जमिनीत नेत होतं. मोटारी भरणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

"कधीपासून?"

"आठव्या दिवशी माझी लुंगी अडकली तारेत. तेव्हा कळलं."

"आणि मुंगूस?"

"पहिल्याच दिवशी आलं होतं, भर दुपारी. तारेला नाक लावलं आणि किंचाळत पळालं. अजून रोज येतं. त्या बाभळीखाली बसतं, बघतं, जातं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू दर गुरुवारी यायचास. दिवा बघून जायचास."

काकांनी लुकलुकत्या दिव्याकडे पाहिलं.

"म्हणजे... राखण मी केलीच नाही."

बाबांनी कोपऱ्यातला विळा त्यांच्या हातात दिला.

काकांनी सगळं गवत कापलं. मग एकेक खुंटी उपटली आणि जाळी पलीकडच्या हिरव्या गवतावर नेऊन लावली. कोंबड्या पंख फडफडवत तिकडं धावल्या. अकराच्या अकरा. काकांनी विळा खाली ठेवला. आपण काही न करता एवढं सगळं जिवंत राहिलं होतं.

ते बाबांच्या पाया पडायला वाकले.

"बाबा, फार उपकार झाले."

बाबांनी पाय मागे घेतले. बाभळीखाली येऊन बसलेल्या मुंगसाकडे बोट केलं.

"आधी तिकडं सलाम कर. तुझा थोरला गुरुभाऊ बसलाय."