न परतलेली गिऱ्हाइकं

मंडळी, दुकानाच्या पायरीवर परत येऊन जो मालाचं तोंडभर कौतुक करतो, त्याच्यावर किती विश्वास ठेवावा? सांगा बरं.

एकदा एक तरुण व्यापारी घाटमाथ्यावरच्या एका वृद्ध मधवाल्याकडे मधाची पारख शिकायला जात असे. गवत फुलोऱ्यावर आलं की गावभर शिंका सुरू. लोक मध नेत आणि पंधरवड्यानं हसत येत. "अहो, शिंका पार पळाल्या!" असे अकरा जण त्या तरुणानं मोजले. त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीला याच दिवसांत दम लागायचा. त्यानं ठरवलं, उद्यापासून तिचा दम्याचा पंप बंद. दोन वेळा चमचाभर मध.

"तात्या, एक मोठी बरणी द्या. लेकीचा पंप सोडवतो."

वृद्धानं बरणी फडताळात ठेवून कुलूप लावलं. "जे परत आले नाहीत, त्यांच्या घरी आधी जाऊन ये."

स्वतःचाच माल नाकारणारा दुकानदार! शिष्य चक्रावला, पण गेला.

पहिल्या घरी उत्तर मिळालं, "मध फक्कड होता हो. शिंकाही तशाच फक्कड!" पुढच्या घरची बाई म्हणाली, "डॉक्टरांच्या गोळीनं थांबल्या. ते सांगायला तुमच्याकडे कशाला येऊ, भांडायला?" शेजारचा म्हातारा हसला, "शिंका मलाही होत्याच, पण मी कुठं मध घेतला? गवत वाळलं, शिंका आपोआप थांबल्या."

शिष्य परतला तो अधिकच गोंधळून. "तात्या, मध गुणकारी की नाही? मला तर काहीच उमगेना."

"खोकल्यात घशाला आराम पडतो, एवढं मी सांगेन. शिंकांचं मला ठाऊक नाही, आणि तुलाही नाही. गुण आलेला माणूस पेढे घेऊन येतो. न आलेला रस्ता बदलतो. आपण गादीवर बसून पेढे मोजतो. शिवाय मधातल्या परागाची सवय होऊन शिंका जातात म्हणतात, पण नाकात जातो तो वाऱ्यावर उडालेला गवताचा पराग. मधमाशी बसते बहुतेक रानफुलांवर. मग बरणीत कोणता पराग आहे, कुणी पाहिलं? मध खुशाल खाऊ घाल. पण पोरीचा श्वास अकरा पेढ्यांवर टांगू नकोस."

शिष्य घरी पोहोचला. लेकीनं विचारलं, "बाबा, उद्यापासून मध ना?"

"आधी पंप घे, बाळा. मधाचं डॉक्टरांना विचारू."

तेव्हा मंडळी, घरात कुठलाही उपाय करा. पण गुण आलेल्या दिवसाबरोबर न आलेला दिवसही प्रामाणिकपणे मांडत चला, एवढीच विनंती.