माळ्यावरची काठवट

एक होतं गाव, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं. त्या गावाच्या शेवटच्या वळणावर, जांभळाच्या झाडामागे, एक वृद्धाश्रम होता आणि तो सांभाळत होतं एक ख्रिस्ती जोडपं. नवऱ्याचं नाव शांतवन, बायकोचं तबीथा. मुलगी लग्न होऊन परगावी गेली, तसं दोघांनी आपलं बिऱ्हाड उचललं आणि आश्रमातल्याच एका खोलीत मांडलं.

पहाटे उठायचं, दोघांनी मिळून प्रार्थना करायची आणि मग कामाला जुंपून घ्यायचं ते दिवस मावळेपर्यंत. शांतवन बंब पेटवायचा, म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायचा, ज्यांना चालवत नाही त्यांना उचलून उन्हात आणून बसवायचा. आणि तबीथा? तिचं तर विचारूच नका. स्वयंपाक तिचा, धुणं तिचं, कुणाची वेणी तर कुणाचं औषध तिचं. दोन हात पुरत नाहीत म्हणून ही बाई पायांनीही कामं करत असावी, असं मास्तर म्हणायचे. मास्तर म्हणजे आश्रमातले एक जुने शिक्षक. शाळा सुटली तरी त्यांची चेष्टा करायची सवय काही सुटली नव्हती.

या घराची एक रीत होती बरं का. नवीन माणूस फाटकात आलं की शांतवन ख्रिस्ती मंडळींच्या पद्धतीने “सलाम” म्हणून त्याचं बोचकं घ्यायचा आणि तबीथा पुढे होऊन त्याचे दोन्ही हात हातात धरायची. म्हणायची, “या हातांनी आयुष्यभर पुष्कळ केलं. आता या घरात त्यांना सुट्टी.” ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे.

आणि तबीथा नुसतं बोलायची नाही, तसं वागायचीही. आश्रमात कुणाला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही. विळी, सुई, खलबत्ता सगळं कपाटात आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. मास्तरांनी एकदा अंगण झाडायला घेतलं तर शांतवनने हसत हसत त्यांच्या हातातून खराटा काढून घेतला. कुणी आपला चहाचा कप विसळायला उठलं, तर तो विसळून तबीथा मोकळीही झालेली असायची. गावात दोघांचं नाव झालं. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. तबीथाला बरं वाटलं. का वाटू नये? राबणाऱ्या माणसाला कौतुक गोडच लागतं.

अशात एक दिवस ठकूआजी आली. तिच्या मागे कुणी उरलं नव्हतं, म्हणून शेजारपाजाऱ्यांनी तिला आणून पोचवलं. बोचक्यात दोन लुगडी, पायाच्या भेगांना लावायचा कोकमाच्या तेलाचा गोळा आणि एक लाकडी काठवट. भाकरीचं पीठ मळून मळून काठवटीचा तळ आरशासारखा गुळगुळीत झाला होता. तबीथाने तिचे हात धरले, नेहमीचं वाक्य म्हटलं. आजीने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “चूल कुठंय?”

तबीथाला हसूच आलं. तिने आजीला खाटेवर बसवलं, भाकरी आता आयती ताटात येईल म्हणून सांगितलं आणि काठवट पुसून माळ्यावर ठेवून दिली.

आजी पहिले काही दिवस गप्प बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात यायची, तांदळाचं सूप ओढून निवडायला बसायची. तबीथा अलगद सूप काढून घ्यायची. आजीने लसूण सोलायला घेतला की म्हणायची, आम्ही आहोत ना, तुम्ही आराम करा. किती मायेने म्हणायची! आजी उठून जायची. मग एक दिवस ती यायचीच बंद झाली. खिडकीशी बसून राहायची, हात मांडीवर ठेवून. पुढे पुढे तिचं जेवण कमी झालं. भाकरीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर झाली आणि शेवटी पेजेवर आली.

डॉक्टर आले. नाडी पाहिली, जीभ पाहिली. आजार काही नाही, पण अशीच राहिली तर म्हातारी हातची जाईल, काहीही करून तिला खायला घाला, असं सांगून गेले.

तबीथा घाबरली. मऊ भात, त्यावर तूप, सांजा, लापशी, जे सुचेल ते तिने करून पाहिलं. आजीला उठायचाही त्रास नको म्हणून खाटेवरच भरवायला लागली. आजी दोन घास घ्यायची आणि ओठ मिटून भिंतीकडे वळायची. स्वयंपाकघरात जाऊन तबीथा रडली. माझंच काहीतरी कमी पडतंय, असं तिने नवऱ्याला सांगितलं. आणखी काय करायचं ठेवलं आहेस तू, असं शांतवनने विचारलं. खरंच काही ठेवलं नव्हतं. सगळ्या घरासाठी करण्यासारखं जे जे होतं, ते त्या दोघांनीच करून टाकलं होतं.

असं होता होता पवित्र गुरुवार आला. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्या संध्याकाळची आठवण. दर वर्षी या दिवशी शांतवन आणि तबीथा आश्रमातल्या प्रत्येकाचे पाय धुवायचे. शांतवन कोमट पाण्याची परात पुढे सरकवायचा, तबीथा पाय धुऊन पंच्याने टिपायची. ख्रिस्ती असो नाही तर दुसरं कुणी, सगळे त्या दिवसाची वाट बघायचे. मास्तर तर सकाळपासून पाय स्वच्छ घासून बसायचे, बाईंना जास्त मेहनत नको म्हणून.

एकेक करत परात ठकूआजीपाशी आली. तबीथा गुडघे टेकून बसली. आजीने पाय वर ओढून घेतले.

थंडी वाजते का, पाणी गरम हवं का, असं तबीथाने विचारलं. आजीने नाही म्हणून मान हलवली. तबीथाने पुन्हा हात पुढे केला. तेव्हा आजी बोलली. किती दिवसांनी बोलली म्हणून ओसरीवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

“पोरी, तू मला न्हाऊ घालतेस, भरवतेस, निजवतेस. आता पायही धुणार. मी कुणाच्या काही उपयोगाची नाही, तर तुझी भाकरी कुठल्या तोंडानं खाऊ?”

 तबीथाचा चेहरा पडला. इतकं करून हे ऐकायचं, म्हणून तिला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, खोटं कशाला सांगा? ती उठली, परात उचलून शांतवनच्या हातात दिली आणि वळली. आणि पाठमोऱ्या तबीथाच्या उघड्या टाचा आजीला दिसल्या. भेगा पडल्या होत्या नुसत्या. एका भेगेतून रक्त येत होतं.

आजी खाटेवरून खाली उतरली. कुणी हात द्यायच्या आत उतरली. बोचक्यातला कोकमाचा गोळा तिने काढला आणि तबीथाला म्हणाली, “बस इथं. पाय पुढे कर.”

तबीथा गोंधळून गेली. ती म्हणाली, “आजी, तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा? मला पाप लागेल.” तिच्या माहेरी चुकून वडीलधाऱ्यांना पाय लागला तरी वाकून नमस्कार करायला लावायचे. आणि नुसतं तेवढंच नव्हतं. सगळ्यांच्या देखत खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्याने आपलं करायचं, हे तिला जमण्यातलंच नव्हतं. देणं तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं, पण घ्यायची वेळ आली की अंगावर काटा यायचा. तिने मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. हा काहीतरी बोलेल, आजीला समजावेल.

शांतवन परात हातात घेऊन उभा होता. तो आजीकडे बघत होता. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई पदर खोचून उभी होती. त्याने परात खाली ठेवून खुर्ची ओढली आणि तो हळूच म्हणाला, “त्या नको म्हणाल्या, आता तूही नको म्हणतेस. दोघींपैकी कुणीतरी हो म्हणायला हवं, तबीथा.”

तबीथा बसली. लाजेने तिची मान वर होईना. आजीने तिचे पाय परातीत घेतले, अंगठ्याने टाचा चोळल्या, पंच्याने कोरड्या केल्या. कोकमाचा गोळा दिव्यावर धरून पातळ केला आणि एकेका भेगेत तेल भरलं. चटका बसला तसं तबीथाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि चटका गेला तरी ते थांबलं नाही. आजीचे हात थरथरत नव्हते. हेच हात सकाळी पेजेची वाटी धरू शकत नव्हते, आणि त्यांना ती धरावीच लागू नये म्हणून आपणच पुढे व्हायचो, हे तबीथाला आठवलं. आपल्या मायेने या हातांचं काय केलं, ते तिला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

पाय धुऊन झाले. तबीथा उठली, कमरेची किल्ली काढून तिने कपाट उघडलं आणि उघडंच ठेवलं. मग तिने शांतवनला माळ्यावरची काठवट काढायला सांगितली.

त्या रात्रीच्या जेवणाला फार उशीर झाला. ठकूआजी चुलीपुढे बसली. पहिली भाकरी मोडली, दुसरी एका बाजूने करपली. तबीथाचे हात शिवशिवत होते, पण ती पाटावर बसून राहिली. मास्तरांनी लसूण सोलला, निम्म्या साली चटणीत गेल्या. आपलं सगळं आयुष्य अशाच चुका तपासण्यात गेलं, असं म्हणत त्यांनी चटणी वाटायला दुसऱ्या आजीकडे सरकवली.

तिसरी भाकरी टम्म फुगली. आजीने ती तव्यावरून काढली आणि आधी तबीथाच्या ताटात टाकली. या घरात तबीथा नेहमी सगळ्यांच्या शेवटी, उरलेलं, गार झालेलं खायची.

“गरम आहे तोवर खा,” आजी म्हणाली.

तबीथाने हात जोडून प्रार्थना केली आणि पहिला घास घेतला. आजीने तिला खाताना नीट बघितलं. मग स्वतःसाठी एक ताट ओढलं, करपलेली भाकरी घेतली आणि अख्खी संपवली.

त्या दिवसानंतर आश्रमात जेवण कधी वेळेवर झालं नाही. अंगण मास्तर झाडायचे, त्यामुळे ते निम्मंच झाडलेलं असायचं. पण डॉक्टरांच्या फेऱ्या कमी झाल्या आणि तबीथाच्या टाचा भरून आल्या. फाटकातली रीतही बदलली. अजूनही नवीन माणूस आलं की शांतवन “सलाम” म्हणतो, तबीथा पुढे होऊन दोन्ही हात हातात घेते. फक्त ती आता विचारते, “या हातांना काय काय येतं?”

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: माणसाला नुसतं देत राहू नका, त्याच्या हातचं कधी घेऊनही बघा. ज्याच्याकडून कुणी काही घेत नाही, त्याला आपण कुणाचे आहोत असं वाटत नाही.