काट्यांचं कुंपण

तिचं कुणी खरं मानलं नाही. एकानेही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट संपली की सगळे म्हणतात, आम्ही असतो तर मानलं असतं. नसतं मानलं. गप्प बसा आणि ऐका.

फार मागे, तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला सांगता येत नाहीत इतक्या मागे, उंच माळावर मेंढपाळांची एक वस्ती होती. एका वर्षी माळावरचं गवत करपलं. मग ती माणसं मेंढरं हाकत हाकत दुसऱ्या राजाच्या मुलखात उतरली. तो मुलूख समुद्राकाठचा. बोली वेगळी, देव वेगळे, वाऱ्याचा वासही वेगळा. समुद्र यांनी जन्मात पाहिला नव्हता. तिथला राजा म्हणाला, “मोकळी आहे ती जागा घ्या, फक्त भांडू नका.”

जागा निवडली त्यांच्या म्होरक्याने. त्याचं नाव धुळाप्पा. खाडीजवळची सपाट, हिरवीगार जमीन त्याला आवडली. तिथले कोळी वरच्या टेकडीवर राहत होते.

“त्यांच्यापासून लांब, हे एक बरं,” धुळाप्पा म्हणाला. “परका मुलूख आहे. सावध राहायचं.”

त्याने वस्तीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून घेतलं. पुरुषाहून उंच, दाट, दोरांनी आवळलेलं. फाटक एकच. माळावर लांडग्यांसाठी असंच घालत. इथे लांडगे नव्हते, पण परकी माणसं होती ना!

वस्तीत एक बाई होती. सावध तीही होती. पण तिची सावधगिरी तिला बसू देत नव्हती. जेवताना उठायची, बाहेर जाऊन वारा बघायची. तिची लेक पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि लेकीची झोपडी फाटकापासून सगळ्यात लांब, अगदी कुंपणाला टेकून होती. 

एवढी हिरवी जमीन, आणि कोळी खडकाळ टेकडीवर का राहतात? हे काही तिच्या डोक्यातून जाईना. मग एक दिवस तिला झाडं दिसली. बुंध्यांवर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, मिठाची पांढरी रेघ. सालीत बारके शिंपले अडकलेले.

ती तडक धुळाप्पाकडे गेली. “आप्पा, शिंपले झाडावर चढतात का हो?”

“परका मुलूख आहे वहिनी, चढत असतील.”

सगळे खो खो हसले. तिची जाऊ तर डोळे पुसत म्हणाली, “हिला उद्या मेंढरं उडतानाही दिसतील!”

“हसा. पण मला माझी लेक टेकडीवर नेऊ द्या.”

“बाळंतपण परक्यांच्या दारात? आपली काही अब्रू आहे की नाही?” धुळाप्पा म्हणाला.

“अहो पण...”

“धुळाप्पा नाही म्हणाले ना? मग झालं,” जाऊ म्हणाली. आणि सगळे म्हणाले, मग झालं.

कोळ्यांची एक म्हातारी येऊन कुंपणाबाहेर हातवारे करायची. जमिनीकडे बोट दाखवायची, मग छातीला हात लावायची. धुळाप्पाने तिच्यावर कुत्री सोडली. बाई मात्र हळूच बाहेर जाऊन तिला भेटू लागली. लोकरीच्या बदल्यात मासे घ्यायचे, हे निमित्त. खरं म्हणजे ती शब्द घ्यायला जायची. बाळ म्हणजे काय, धाव म्हणजे काय, आणि लुमा म्हणजे काय. लुमा म्हणजे पाणी चढलं.

“माशांपायी त्यांना फितूर झालीस,” जाऊ म्हणाली.  बाईचं लक्ष वाऱ्याकडे होतं.

अवसेच्या दिवशी वारा समुद्राकडून सुटला आणि थांबेचना. मेंढरं ओरडू लागली. त्यातच सकाळी लेक बाळंत झाली. आणि भरदुपारी टेकडीवरून कोळी धावत सुटले. हातात वल्ही, दोर, आणि तोंडाने एकच ओरडा, “लुमा! लुमा!”

“आले!” धुळाप्पा गरजला. “फाटक लावा! गाडी आडवी घाला!”

“आप्पा, ते पाणी चढलं म्हणतायत!”

“तुला काय कळतं त्यांचं?”

“मी शिकलेय! उघडा फाटक!”

कुणी हललं नाही. सगळे धुळाप्पाकडे बघत होते. आणि बघता बघता त्यांच्या घोट्यांना गार पाणी लागलं. खाडी उलटी वाहत होती. मग मात्र सगळे फाटकाकडे धावले. पण तिकडचीच जमीन सखल होती. आडवी घातलेली गाडी चिखलात रुतून बसली आणि फाटक उघडेना.

बाई फाटकाकडे गेलीच नाही. मेंढरं कातरायची कातर घेऊन ती लेकीच्या झोपडीमागे पळाली आणि कुंपणाचे दोर कापू लागली. हातांनी काटे ओढू लागली. कोपरापर्यंत रक्त आलं. “मावशे!” ती कोळ्यांच्या बोलीत ओरडली. “बाळ! बाळ!” पलीकडून म्हातारीची हाक आली, आणि कोळ्यांची वल्ही काट्यांत घुसली. एक माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. आधी बाळ बाहेर गेलं, मग बाळंतीण, मग एकेक करून सगळी वस्ती. जाऊबाईही. सर्वांत शेवटी धुळाप्पा, एका कोळ्याचा हात धरून.

माणसं वाचली. मेंढरं मात्र कुंपणातच राहिली. टेकडीवर उभं राहून सगळ्यांनी त्यांचा ओरडा ऐकला, आणि मग तो थांबलेलाही ऐकला.

परक्या मुलखात सावध राहायचं म्हणजे दाराला काटे लावायचे नाहीत, शेजाऱ्याची हाक समजून घ्यायला शिकायचं.

दुसऱ्या दिवशी राजा आला. “कुणामुळे झालं हे?” त्याने विचारलं.

कुणी म्हणालं, समुद्रामुळे. कुणी म्हणालं, वाऱ्यामुळे. जाऊबाई म्हणाली, आमच्या नशिबामुळे.  बाई नातवाला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा खाडीकडे बघत होती.

कोळ्यांच्या म्हातारीने धुळाप्पाच्या काट्यांनी सोललेल्या हातांना हळद लावली होती. ते हात त्याने राजापुढे जोडले. मान काही वर केली नाही. एकच नाव घेतलं.

“धुळाप्पा.”