पालथी पाटी

कोणे एके काळी, थंडी अजून आपल्या मर्जीनं यायची आणि तिला कोणी लवकर ये म्हणून निरोप धाडत नसे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला बाजार होता, आणि बाजारात एका फळवालीचं दुकान होतं.

दुकान कसलं, चार बांबू आणि वर झावळ्यांचं छप्पर. पण गावाचा त्या दुकानावर भारी विश्वास. त्याचं कारण होतं एक बांबूची पाटी, म्हणजे पसरट टोपली.

ही पाटी संत्र्यांची. ती दुकानाच्या पुढ्यात एका दगडावर ठेवलेली असे, आणि वर्षाचे बरेच महिने पालथी असे. पाटी पालथी म्हणजे संत्री अजून व्हायची आहेत. मग विचारायचं नाही, हट्ट करायचा नाही, पेरू घ्यायचे, बोरं घ्यायची आणि घरी जायचं. थंडी चांगली पडली की एक दिवस फळवाली डोंगरावरच्या बागेत जाई. झाडाखाली उभी राहून पहिलं संत्रं स्वतः खाई, डोळे मिटून, अगदी शेवटच्या फोडीपर्यंत. मग झाडाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी ओती, हात जोडी आणि खाली येऊन पाटी सुलटी करी. तिच्या सासूनं तिला हे शिकवलं होतं, सासूला तिच्या सासूनं. पाटी सुलटी दिसली की गाव डोळे झाकून संत्री घेई. चाखून बघायची कोणाला गरजच वाटत नसे.

एका वर्षी थंडी रेंगाळली. कार्तिक सरला तरी पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटेना. डोंगरावरची संत्री पानांसारखीच हिरवी राहिली.

तेवढ्यात बाजारात एक नवा व्यापारी आला. त्यानं फळवालीच्या अगदी समोर दुकान मांडलं. लांबच्या मुलखातून आणलेली त्याची संत्री कशी होती म्हणता? पिवळीधमक, तेलाचा हात फिरवलेली, एकही डाग नाही. सगळी एका मापाची, जशी काही झाडानं फूटपट्टी घेऊनच ती घडवली होती.

लोक हो, रंगाला कोण भुलत नाही? तुम्ही नाही भुलत? बरं, तुम्ही नसाल. ते गाव भुललं.

जाता येता लोक फळवालीची थट्टा करू लागले. "काय बाई, यंदा पाटी उठायची आहे की तिला कायमची झोप लागली?"

पहिले आठ दिवस ती हसली. पुढचे आठ दिवस गप्प राहिली. मग मात्र तिचा धीर सुटला. दोन रिकाम्या टोपल्या घेऊन ती डोंगर चढून बागेत गेली.

बागेचा माळी म्हातारा होता. झाडांना तो पालापाचोळा आणि शेणखत घाली, कीड पडली तर राख टाकी, आणि उरलेलं काम पाखरांवर सोडून देई. त्याच्या संत्र्यांच्या सालीवर डाग असत, मापंही लहानमोठी असत. पण सोललं की घरभर वास सुटे.

"बाबा, मला आजच फळं हवीत," फळवाली म्हणाली.

"पोरी, अजून झाली नाहीत. थंडी जरा हाडात शिरू दे, मग ये."

"तोवर माझं गिऱ्हाईक समोरच्याचं होईल! आंबे नाही का आपण कच्चे उतरवून अढीत पिकवत? संत्रीही पिकतील."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "आंबा घरात येऊन पिकतो. संत्रं फक्त झाडावर पिकतं. तोडलं की त्याचं पिकणं तिथंच थांबलं."

ती ऐकेना. शेवटी म्हातारा म्हणाला, "तुझ्या घरानं तीन पिढ्या आमच्या बागेची फळं विकली, तुला नाही म्हणवत नाही. ने. पण रीतीप्रमाणं आधी एक खाऊन बघ."

"दुकानात गेल्यावर खाईन, बाबा. आता वेळ नाही."

आणि दुकानात गेल्यावर तिनं काही खाल्लं नाही. वाळल्या गवताची जाड अढी घातली, वर पोती टाकली, कडेला धूर केला. पाचव्या दिवशी पोतं उचलून बघते तर काय, संत्री पिवळी! तिला आनंद झाला. म्हाताऱ्याला काय कळतंय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. दिवस उजाडताच तिनं दगडावरची पाटी सुलटी केली आणि काठोकाठ भरली.

सगळ्यांत आधी धावत आला तो गावचा कुंभार. हाताला चिखल तसाच होता, चाक फिरतं सोडून आला होता.

"ताई, झाली एकदाची!" तो म्हणाला. "रोज सकाळी तुमची पाटी बघून जात होतो. माझी बायको महिनाभर तापानं अंथरुणाला खिळली होती. ताप उतरला, पण तोंडात घास जात नाही. वैद्यबुवा म्हणतात, पोटात काही गेलं तर उठेल, नाहीतर माझ्याकडं दुसरं औषध नाही. आणि ती एकच म्हणते, तुमच्या पाटीतलं संत्रं खाईन. समोरचं एक नेलं होतं, हातातसुद्धा घेतलं नाही तिनं. रोज विचारते, पाटी कशी आहे? मी सांगतो, पालथी. आज सांगेन, सुलटी झाली!"

फळवालीनं त्याला दोन सगळ्यांत पिवळी संत्री निवडून दिली.

दुपारी कुंभार परत आला. चालतच आला. त्याच्या हातात सोललेलं संत्रं होतं, एक फोड कमी असलेलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो रागावलेला नव्हता.

"संत्रं वाईट आहे असं नाही म्हणत मी," तो हळू म्हणाला. "तिनं फोड तोंडात घातली आणि काढून ठेवली. म्हणाली, 'पाटी काही खोटं बोलायची नाही. म्हणजे माझ्या तोंडाचीच चव गेली. आता मला काही गोड लागायचं नाही.' आणि भिंतीकडं तोंड करून पडली. पाणीसुद्धा नको म्हणते, ताई."

फळवालीनं त्याच्या हातातली एक फोड घेऊन चावली. आंबट म्हणावं तर आंबटही धड नाही. नुसतं तुरट पाणी. जिनं तिच्या पाटीवर स्वतःच्या जिभेपेक्षा जास्त विश्वास ठेवला, तिला तिनं हे दिलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "वहिनींची जीभ चांगली आहे. खोटी माझी पाटी निघाली. मी कच्ची फळं तोडून अढीत घातली. त्यांना जाऊन सांगा."

"सांगेन," कुंभार म्हणाला, "पण तिला वाटेल, मी समजूत घालतोय."

खरंच होतं ते. जिभेची खात्री जिभेलाच पटवावी लागते, तिथं बोलणं चालत नाही.

फळवाली उठली. भर बाजारात तिनं पाटी उचलून पालथी केली. संत्री गडगडत रस्त्यावर गेली. लोक थांबले. "ऐका हो," ती म्हणाली, "संत्री अजून झालेली नाहीत. मी घाई केली आणि तुम्हाला फसवलं. सकाळी नेलेली परत आणून द्या, ती गाईलासुद्धा घालू नका." कोणी हसलं, कोणी चुकचुकलं. समोरचा व्यापारी म्हणाला, "बाई, असं सांगून कोणी धंदा करतं का?" तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. ती डोंगराच्या वाटेला लागली होती.

माळ्यानं सगळं ऐकून घेतलं. 'मी सांगत होतो ना' हे चार शब्द त्याच्या जिभेवर आले असतील, पण त्यानं ते गिळले. मोठी माणसं अशीच असतात.

"पिकलेलं संत्रं या बागेत आज एकाच झाडावर आहे," तो म्हणाला. "ते बघ, कडेचं, उगवतीच्या उताराला. सगळ्यांत म्हातारं झाड. फळं मोजकी धरतं आणि पंधरा दिवस आधी पिकतं. पण ते माझं नाही."

"मग कोणाचं?"

"साळुंक्यांचं. पावसाळाभर पानापानावरच्या अळ्या त्यांनी वेचल्या, म्हणून मला झाडांवर काही जहर मारावं लागलं नाही. त्याची ती मजुरी. माझ्या आज्यानं ठरवून दिलंय. दुसऱ्याची मजुरी मी उचलून तुला कशी देऊ? त्यांनाच विचार."

फळवाली त्या झाडाखाली गेली. फांद्यांवर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता. तिनं पदर पसरला आणि सगळी हकिगत सांगितली. काही लपवलं नाही, अढीसुद्धा नाही.

एक म्हातारी साळुंकी खालच्या फांदीवर आली. मान वाकडी करून म्हणाली, "बाई, तुम्ही त्याच ना? आमची चोच लागलेलं फळ बघितलं की नाक मुरडून बाजूला टाकता त्या?"

"तीच मी," फळवाली म्हणाली.

"आणि सालीवर ठिपका दिसला तरी टोपलीच्या तळाशी घालता त्या?"

"तीच."

"खरं बोलता तरी," साळुंकी म्हणाली. "आम्ही रंग बघून चोच मारत नाही, बाई. वास घेतो आणि वाट बघतो. रोज येतो आणि रोज परत जातो. हे अर्धं आमचं खाल्लेलं आहे, तुम्ही आधी हे खा. तुमची रीत मला ठाऊक आहे. तुमच्या सासूबाईसुद्धा इथंच उभ्या राहून खात."

फळवालीनं ते टोचलेलं संत्रं घेतलं. डोळे मिटले. पहिली फोड जिभेवर फुटली आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. किती वर्षं ती हे खात होती, पण हे पाखरांच्या कष्टाचं आहे, मातीच्या आणि थंडीच्या सबुरीचं आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं. हात जोडायची ती, पण सवयीनं. आज मनापासून जोडले गेले.

"आता ते मधल्या फांदीवरचं घ्या," साळुंकी म्हणाली. "डाग आहे ते. आणि त्याच्या शेजारची दोन. त्यांना आम्ही उद्या चोच लावणार होतो. आम्ही पेरू खाऊ. एक दिवस मजुरी नाही मिळाली म्हणून आम्ही काही उपाशी मरत नाही."

फळवालीनं झाडाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतलं, आणि आणखी एक तांब्या मातीच्या उथळ परळात ओतून पाखरांसाठी ठेवला. मग तीन संत्री पदरात बांधून ती जवळजवळ धावतच डोंगर उतरली.

दिवस मावळायच्या आत ती कुंभाराच्या घरी पोचली. कुंभारीण अजून भिंतीकडं तोंड करूनच पडली होती. फळवाली तिच्या उशाशी बसली आणि काही न बोलता संत्रं सोलायला लागली. घरात वास पसरला. कुंभारीण वळली.

"डाग आहे हो याच्यावर," ती क्षीण आवाजात म्हणाली.

"आहे," फळवाली म्हणाली. "पाखरांनी निवडून दिलंय. सकाळचं मी दिलं होतं, ते माझ्या घाईनं कच्चं होतं. हे खाऊन बघा, वहिनी."

कुंभारणीनं एक फोड तोंडात घातली. कुंभार दारात उभा राहून बघत होता. ती चघळत राहिली. मग तिनं बी तळहातावर काढली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "अहो, गोड आहे. माझी जीभ शाबूत आहे."

आणि दुसरी फोड मागितली.

तिन्ही संत्री तिनं दोन दिवसांत खाल्ली, तिसऱ्या दिवशी पेज प्यायली, आणि पंधराव्या दिवशी चाकाशेजारी बसून माती मळू लागली. त्याच पहाटे गावात धुकं उतरलं, लोकांनी शेकोट्या पेटवल्या. डोंगरावरची बाग पिवळी झाली. फळवाली वर गेली, रीतीप्रमाणं संत्रं खाल्लं, पाणी घातलं, खाली आली आणि पाटी सुलटी केली. त्या दिवशी एकही फळ उरलं नाही. डागाची तर सगळ्यांत आधी गेली.

समोरच्या व्यापाऱ्यानंही मग एक पाटी आणली. पण ती कधी सुलटी करायची हे त्याला कळेना. म्हणून बिचारा रोज सकाळी फळवालीच्या पाटीकडं बघायचा.

कुंभार बायकोला घेऊन फळवालीला विचारायला आला, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

फळवालीच्या आधी कुंभारीणच बोलली. "काही फेडायचं नाही. ताई, पुढच्या वर्षी थंडी उशिरा आली ना, तर पाटी पालथीच ठेवा. आम्ही थांबू. आणि हे तेवढं बागेत न्या." तिनं आपल्या हातानं घडवलेलं एक मोठं, उथळ परळ पुढं केलं, साळुंक्यांच्या पाण्यासाठी.

ते परळ कडेच्या झाडाखाली ठेवलं गेलं. फुटलं की कुंभाराच्या घरून नवं जाई, आणि पाटी पालथी असेल त्या दिवसांत लोक तिची थट्टा न करता तिला हात लावून पुढं जात.

मुलांनो आणि मोठ्यांनो, तात्पर्य एवढंच: घाईनं फळाला रंग येतो, गोडी मात्र ऋतू देतो, म्हणून वाट पाहून घ्यावं, आणि घेताना ज्यांच्या कष्टानं ते पिकलं त्यांची आठवण ठेवावी.