पाळण्याचा हिरवा रंग

वस्तू आपापसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. रखमाजी रंगाऱ्याची लेक कौसा बाळंतपणाला माहेरी आली होती. येणाऱ्या नातवंडासाठी त्याने पाळण्याला हिरव्या रंगाचा पहिला हात दिला. रंग वाळला, चकाकला आणि स्वतःवरच खूश झाला.

दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर त्याच्या अंगावर फिरू लागला.

"आई गं! माझं काय चुकलं?" रंग कळवळला.

"काही नाही रे," पॉलिशपेपर म्हणाला. "तू फार गुळगुळीत आहेस. दुसऱ्या हाताला तुला घट्ट धरायला जागा नको का?" बोलता बोलता त्याचेही दाणे झडत होते.

रंगाने अंग खरवडू दिलं. मग दुसरा हात आला आणि त्याला बिलगला.

बाळ जन्मलं. "आता ठेवू का पाळण्यात?" कौसाने विचारलं.

"वरून वाळलाय गं, पण आत अजून ओला आहे. थोडे दिवस तुझ्याच कुशीत राहू दे," रखमाजी म्हणाला.

पुढे बाळाला दात येऊ लागले. एका सकाळी ते पाळण्याची कड चावताना दिसलं. कौसा धावली आणि तिने त्याचं तोंड उघडून पाहिलं. जीभ नुसती गुलाबी होती, हिरवा कणही नव्हता.

रंगाला मात्र गुदगुल्या होत होत्या.