न भुंकलेली कुत्री

“मला झालंय तरी काय, आबा? ताप न्हाई, खोकला न्हाई. दोन भाकरी जास्तच जात्यात. मग ह्या गोळ्या गिळायच्या कशापायी?”

मायाप्पानं बाटली धुळाआबांपुढं ठेवली. झाकणाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

महिन्यामागं गडी छाती फुगवून रक्तदानाच्या शिबिरात गेला. रक्त देऊन आला, आठ दिवसांनी बोलावणं आलं. एचआयव्ही. तालुक्याच्या दवाखान्यातल्या मॅडमनी कागदावर चित्रं काढून तासभर समजावलं. ह्यानं पहिला शब्द ऐकला, पुढं नुसता पंखा ऐकला.

आता आला होता गुरूकडं. धुळाआबा म्हणजे बिरोबाचे भगत. मायाप्पाला ओवी त्यांनीच शिकवलेली. आबांनी कपाळाला भंडारा लावावा आणि म्हणावं, ‘फेक ती बाटली वढ्यात.’ एवढंच त्याला हवं होतं.

आबांचं वय ऐंशी, दात तीन, खोड्या बेहिशेबी. त्यांनी बाटलीकडं पाहिलंसुद्धा नाही.

“मेंढरं मोज.”

“आता?”

“न्हाई, पुढल्या दसऱ्याला.”

मायाप्पा उठला. माळावरच्या तळावर नजर फिरवली. मुरलेला धनगर आकडे मोजत बसत नाही, कोण नाही तेवढं बघतो.

“सगळी हायत.”

“मग तळाला धोका?”

“कसला धोका?”

“तू आलास तवा कोण भुंकलं?”

मायाप्पानं मिशीवरून हात फिरवला. “कोण भुंकंल? वळखत्यात मला कुत्री.”

“कुत्री हायतच कुठं?”

...

मायाप्पानं मागं पाहिलं. नुसते खुंटे. पालथी पडलेली परात. मायाप्पा कशासाठी येतोय ते आदल्या रात्रीच कानावर आलेलं, म्हणून आबांनी सकाळीच सुनेबरोबर पाचही कुत्री टेकडीमागं धाडली होती, निव्वळ ह्या एका क्षणासाठी. आता ते मांडीवर थापा मारून असे हसत होते, की ठसका लागला.

“मेंढरं मोजलीस, राजा. राखणारी न्हाई मोजलीस.”

मायाप्पा हळूच खाली बसला. पंख्याच्या आवाजाआडून मॅडमचं बोलणं आता कुठं त्याला ऐकू यायला लागलं.

“आबा... त्या मॅडम म्हणत हुत्या, रक्तात एक पेशी असती. ती सोता मारत न्हाई. दुसऱ्यांस्नी उठवती.”

“भुंकणारं कुत्रं. चावत न्हाई, म्हणून तर कुणाला त्येची किंमत न्हाई.”

एवढं म्हणून आबा धोतराचा काचा मारून चक्क चार पायांवर आले. पागोटं एकीकडं, शिष्य एकीकडं. शेजारची कोकरं बुजली.

“हा तुझ्या रक्तातला लांडगा मेंढरू खात न्हाई, माया. कुत्रीच्या पोटात शिरतो. तिच्याच रक्तावर आपली पिल्लं काढतो. कुत्री मरती. पिल्लं दुसऱ्या कुत्रीकडं पळत्यात. आन मेंढरं? पुरी. दोन साल पुरी. पाच साल पुरी. तुझ्यावानी शहाणा रोज मोजतो आन म्हणतो, सगळी हायत.”

“आन मग?”

“मग लांडगा कशाला पायजे? कोल्हं येतं. कावळा येऊन कोकराचा डोळा फोडतो. साधा खोकला येतो, आन जात न्हाई. त्या दिसाला एड्स म्हणायचं.”

“तुमास्नी कसं ठावं?”

आबा उठून बसले. धोतराची माती झटकत राहिले, ती गेल्यावरही.

“आमच्या बिरूनं आठ साल मेंढरंच मोजली.”

बिरू आबांचा धाकटा भाऊ. मायाप्पानं त्याला शेवटी पाहिलं होतं, तेव्हा त्याचं पांघरूण सपाट दिसत होतं...

मग आबांनी तीन दातांतून अशी शीळ घातली, की टेकडीवरनं पाच कुत्री भुंकत, धूळ उडवत, एकमेकांवरून उड्या टाकत आली आणि थेट ह्या ओळखीच्या माणसाचा पटका ओढून घेऊन गेली. मायाप्पा पटक्यामागं, आबा हसण्यामागं. दोघं धापा टाकत परत बसले.

“गोळीनं लांडगा मरतो?” मायाप्पानं विचारलं.

“न्हाई. पिल्लं काढायचा थांबतो.”

“म्हंजे रोज घ्यायची?”

“कुत्र्याला भाकरी रोज टाकतोस का सणाला?”

मायाप्पानं बाटलीकडं पाहिलं. मग कपाळ पुढं केलं. “भंडारा तरी लावा.”

आबांनी कमरेच्या पिशवीतनं चिमूट काढली, डोळे मिटले, बिरोबाचं नाव घेतलं आणि भंडारा लावला. बाटलीच्या झाकणाला.

मायाप्पाचं कपाळ तसंच पुढं राहिलं...

मग त्यानं सील फोडलं. पिवळ्या बोटांनी गोळी जिभेवर ठेवली, वर तांब्याभर पाणी प्याला. एका गोळीला तांब्याभर. कुत्रीसुद्धा बघत राहिली.

“गेला का आता लांडगा, आबा?”

आबांनी काठी उचलून त्याच्या हातात दिली.

“त्यो बी येतोय बरूबर. चल, मेंढरं वळव.”